टोळी निघण्याआधी

११ सप्टेंबर, कळमनुरी तालुका
पोरगं अडीच वर्षांचं, अजून बसत नाही. जन्मल्यावर उशिरा रडलं, मग झटके आले, असं आजी सांगते. सेरेब्रल पाल्सी. मेंदूची इजा आता वाढणार नाही. पण हातापायांकडे लक्ष दिलं नाही तर स्नायू आखडतात, मांडीचं हाड खुब्यातून सरकतं. "औंढ्याला नवस बोललाय, ताई," आजी म्हणाली. नवस जरूर फेडा, पण व्यायाम चुकवू नका, एवढंच मी म्हटलं.

१८ सप्टेंबर
आजचा वेळ जेवणातच गेला. माय त्याला मांडीवर आडवं घेऊन पातळ दूध पाजते. ठसका लागतो, दूध श्वासनळीत जातं, मग ताप आणि दवाखाना. त्याला भिंतीच्या कोपऱ्यात टेकवून बसवलं, मान किंचित पुढे. दुधात भाकरी कुस्करून घट्ट काला केला. चमचा लहान, पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. अर्ध्या वाटीला पाऊण तास लागला, पण ठसका नाही. "एवढा वेळ कुठून आणू?" माय म्हणाली. खरंच, कुठून आणणार?

६ ऑक्टोबर
आज जागतिक सेरेब्रल पाल्सी दिन. मिथू अलूर यांनी या मुलांसाठी मुंबईत संस्था काढली १९७२ साली. इथे मात्र पोराच्या आईबापांची मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन झाली आहे. दिवाळी झाली की टोळी ऊसतोडीला निघेल. बालस्वास्थ्य पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं; तेव्हा पोरगं फडात असलं, तर त्याला तपासणार कोण? आणि फडावरच्या कोपीला, त्या झोपडीला, टेकायला भिंतीचा कोपरा नसतो. सुताराला काटकोनात जोडलेल्या दोन फळ्यांची, पुढे पाट असलेली खुर्ची सांगितली. ट्रॅक्टरमध्ये मावेल एवढीच.

१३ ऑक्टोबर
खुर्ची झाली. त्याहून मोठं काम कडेवर झालं. माय त्याला दोन्ही हातांवर आडवं उचलायची, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. कमरेच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून कडेवर घ्यायला शिकवलं. मांड्यांचा ताण आपोआप सुटतो, वेगळा वेळ लागत नाही. ती लगेच तशीच पाण्याला गेली. कोयता धरणाऱ्या बाईला रोज तासाभराचा व्यायाम लिहून देणं निरुपयोगी आहे. तिच्या कामातच बसेल ते शिकवावं.

१६ ऑक्टोबर
आशाताईंच्या बैठकीत सांगितलं: तिसऱ्या, सहाव्या, नवव्या महिन्याच्या गृहभेटीत मान आणि बसणं बघाच. चार महिन्यांत मान धरली नाही, नऊ महिन्यांत बसलं नाही, तर 'होईल हळूहळू' म्हणू नका. टोळी निघायच्या आत त्या लेकराला जिल्हा रुग्णालयात पाठवा.