पाठ कशानं झिजते?

माझ्याकडे सुऱ्या न्यायला हल्ली शेतकऱ्यांबरोबर रानावनात भटकणारी पोरंही येतात. त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "काका, चकमकीच्या कांडीवर पाठ घासली तर सुरी खराब होते का?" मी उलट विचारतो, कांडी कसली आणि सुरी कसली? दोन वस्तू एकमेकींवर घासल्या की त्यांतली मऊ झिजते. उत्तर एवढंच, पण त्याच्या पोटात बरंच काही आहे.

जुनी चकमक आधी पाहू. आमच्या काळ्या रानात नांगरताना गारगोट्या वर येतात. मुधोळ, भैंसा, कुबीर हा आमचा टापू १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात होता. मग आदिलाबादेत गेला, आता निर्मल जिल्ह्यात आहे. जिल्हे बदलले, गारगोट्या त्याच. गारगोटीची धारदार कड पोलादावर मारली की पोलादाचा बारीक कीस निघतो, त्या झटक्यातच तापून पेटतो आणि काटेसावरीच्या कापसावर पडतो. या ठिणगीत पोलाद जळतं. तिथं सुरीची पाठ वापराल तर सुरीच कणाकणानं जळणार.

दुकानात मिळणारी काळपट कांडी वेगळी. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखनं १९०३ मध्ये सेरियम आणि लोखंडाच्या या मिश्रधातूचं पेटंट घेतलं. लग्नाच्या मांडवात पेट्रोमॅक्सला जे मँटल बांधायचे, तेही मूळचं त्याचंच. मँटलसाठी थोरियम काढून घेतल्यावर सेरियमचा ढीग उरायचा, त्याला या कांडीनं काम मिळालं. ही कांडी पोलादापेक्षा मऊ असते. पाठीची कड तिचा कीस काढते आणि तो कीस हवेत पेटतो. ज्याला पटत नाही त्याला मी सिगारेटचा लायटर दाखवतो. त्यातला खडा याच जातीचा. खडा संपतो, नवा घालावा लागतो. पोलादी चाक मात्र कितीतरी खडे खाऊन जागेवर असतं.

काहींना उष्णतेची धास्ती असते. ठिणगी तीन हजार अंशांची, मग पात्याचं पाणी उतरणार नाही का? उतरत नाही. कण इवलासा असतो आणि पात्यापासून सुटून जळतो. कांडी ओढून झाल्यावर पाठीला बोट लावा, जेमतेम कोमट लागेल. पाणी उतरायला सबंध पातं दोनशे अंशांच्या वर तापावं लागतं.

सुरी कसली, हे विचारतो त्यालाही कारण आहे. मी ट्रकचा कमानपाटा वापरतो. पाणी दिल्यावर पातं काचेसारखं ठिसूळ होतं, म्हणून त्याला पाठीकडून हळूहळू तापवतो. पाठीवर निळा रंग चढतो आणि धारेवर पिवळसर झाक उमटली की थांबतो. धार कडक राहते, पाठ चिवट होते आणि हाडावर मारली तरी सुरी मोडत नाही. अशी पाठ कांडीहून कडकच असते, पण तिची कड कारखान्यातल्या एकसारख्या कडक पात्याआधी गोल होते. गोल कडेनं कांडी खरवडली जात नाही, नुसती घसरते. त्यात सुरीचं काही जात नाही. कानस सपाट धरून पाठीवर दोन हात फिरवले की कोपरा पुन्हा काटकोनात येतो. काळा लेप दिलेल्या विकतच्या सुरीवर ओरखडे उठतात, राखाडी डाग पडतो. तो दिसण्याचा प्रश्न.

ठिणगीची पारख लोहाराला रोजची. भंगारातला तुकडा ग्राइंडरला लावला की मऊ लोखंडाच्या लांब, सरळ रेघा निघतात; कार्बन जास्त असेल तर ठिणगी टोकाला फुटते. जास्त कार्बनचं पोलाद आमच्या भागाला नवं नाही. निर्मलच्या बाजूचं खनिज एके काळी कोनासमुद्रम गावच्या मुशींत जायचं आणि तिथल्या पोलादाच्या वड्या न्यायला इराणी व्यापारी यायचे. व्हॉयसी नावाच्या इंग्रजानं केलेलं त्या कामाचं वर्णन १८३२ मध्ये छापलं गेलं. तशा मुशीतल्या पोलादात शेकडा दीडच्या आसपास कार्बन असायचा, माझ्या कमानपाट्यात शेकडा अर्ध्याहून थोडा जास्त. गारगोटीपुढे हा फरक महत्त्वाचा. कांडीला त्याचं देणंघेणं नाही. स्टेनलेसची सुरीही तिला चालते, फुटक्या काचेची कडसुद्धा; कोपरा तेवढा तीक्ष्ण हवा.

म्हणून सुरी कांडीसाठीही हवी असं कोणी आधी सांगितलं तर मी मुठीजवळ बोटभर पाठ कोरी काटकोनी ठेवतो, बाकीची अंगठा टेकायला गोल करतो. ज्याला सुरीला हातच लावायचा नाही, त्याला तुटक्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा कांडीच्या दोरीला बांधून देतो. एकच गोष्ट बजावून सांगतो: सुरी स्थिर धरायची आणि कांडी मागे ओढायची. सुरी पुढे ढकललीत तर रचलेलं सरपण उधळतं आणि उघडी धार कुठं जाईल याचा नेम नाही. धारेनं तर कांडी घासूच नये. पातळ धार तिथं खरोखर चेपते.

पाठीची एवढी चौकशी करणाऱ्याची सुरी हातात घेतली की धारेवर बहुतेकदा खांडे सापडतात. ते आधी काढून देतो. पाठ अजून पुष्कळ वर्षं टिकणार असते.