गडावर कपडे वाळत घातलेत

बालेकिल्ल्यावर कपडे वाळत घातलेले होते. आगपेटीच्या दोन काड्या ओल्या मातीत रोवलेल्या, त्यांच्यामध्ये माझ्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा ताणून बांधलेला, आणि दोऱ्यावर नखाएवढ्या चिंध्या ओळीनं टाकलेल्या. एक थोरलीच्या जुन्या फ्रॉकची, पिवळी, तिच्यावरचं फूल बरोब्बर मधोमध आलेलं. एक माझ्या सुती साडीच्या काठाची. तिसरी तिकोनी, तो लंगोट आहे हे मला कुणी सांगावं लागलं नाही. खाली सिंहासनावर महाराज, महादरवाजात भाले धरून उभे असलेले मावळे, बुरुजावर तोफ. आणि या सगळ्यांच्या वर, गडावरच्या सर्वांत उंच जागी, हे धुणं.

थोरली चौथीत आहे, म्हणजे तिचं इतिहासाचं पुस्तक शिवछत्रपतींचं. गडाचा नकाशा तिनं वहीत आधी पेन्सिलीनं, मग शाईनं काढला होता. माच्या, बुरुज, चोरदरवाजा, सगळ्यांना क्रमांक. तिनं दोरीकडे पाहिलं आणि कंबरेवर हात ठेवले.

"अगं, शत्रूला लांबून दिसेल ना!"

"ओले आहेत ते," धाकटी म्हणाली. "वाळले की काढीन."

मी बोट लावून पाहिलं. खरंच ओले होते. बाटलीच्या झाकणात पाणी घेऊन तिनं ते धुतले होते, पिळले होते, झटकले होते.

दिवाळीच्या आधी आम्ही बाल्कनीत मातीचा किल्ला करतो, तेव्हा तिथून चालायला वाट राहत नाही. मुलींचे बाबा नर्सरीतून लाल माती आणतात, किराणा दुकानातून गोणपाट मागून आणतात. विटांचे तुकडे, थर्माकोल नको म्हणून जुनी खोकी, वर्तमानपत्राचे बोळे, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट. बाजारात प्लास्टरचे तयार किल्ले मिळतात, रंगवलेले, उचलून आणले की झालं. मला ते आवडत नाहीत. नखांत माती गेली नाही तर तो किल्ला कसला? मला प्रमाण चुकलेले किल्ले आवडतात. मावळा दरवाजापेक्षा उंच, वाघ तोफेहून मोठा, आणि गुहेशेजारी दुधाची चरवी घेतलेली गवळण, वाघाकडे ढुंकूनही न बघणारी. अमक्या गडाची हुबेहूब प्रतिकृती असं पाटी लावून सांगणारे किल्लेही सुरेख असतात, मी ते बघायला मुलींना घेऊन हिंडते. पण ज्याला नाव नाही आणि जो कुठल्याच नकाशात नाही, अशा किल्ल्यापाशी मी जास्त वेळ थांबते.

आता त्या लंगोटाबद्दल. आपण गड म्हटलं की लढाई म्हणतो. पण शिवनेरीवर १६३० साली बाळंतपण झालं. पुरंदरावर १६५७ साली झालं. राजगडावर १६७० साली झालं, त्या बाळाचं नाव राजाराम. म्हणजे या तीन गडांवर कधीतरी सुईण होती, बाळंतिणीची खोली होती, शेक होता, धुरी होती, आणि पहाटेपासून पिळून ठेवलेली दुपटी वाळत घालायला कुठेतरी एक दोरी होती. डोंगरावरचा वारा काय असतो ते राजगडाच्या सुवेळा माचीवर उभं राहिलेल्याला माहीत असतं. तिथे दुपटी घटकाभरात वाळत असतील. पावसाळ्यात मात्र, ढग घरात शिरतात तेव्हा, कुणीतरी ती निखाऱ्यांवर धरून सुकवत असणार. पुरंदरावर जन्मलेल्या संभाजीराजांना दूध पाजायला कापूरहोळची धाराऊ आली. त्यांची आई सईबाई १६५९ साली राजगडावर वारली, तेव्हा मूल अडीच वर्षांचंही नव्हतं. त्या मुलाला आजीनं वाढवलं. पुढे त्याच आजीला रायगडावरची गार हवा सोसेना, म्हणून पायथ्याला पाचाडला तिच्यासाठी वाडा बांधला गेला. राजगडावर जन्मलेला राजाराम जिंजीला जाऊन राहिला आणि १७०० साली सिंहगडावर त्याचं आयुष्य संपलं. जन्म आणि शेवट, दोन्ही तटाच्या आत. जुलै २०२५ मध्ये १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात ११ महाराष्ट्रातले आणि एक ही तामिळनाडूतली जिंजी. थोरलीला ती बाराही नावं पाठ आहेत. जेवताना मध्येच म्हणून दाखवते. धाकटी प्रत्येक नावानंतर विचारते, तिथे कोण राहायचं?

मला धाकटीचा प्रश्न फार मोलाचा वाटतो.

बाल्कनीतला किल्ला हिरवा व्हावा म्हणून आम्ही हळीव पेरतो. मोहरीही पेरतात, पण मोहरी उतारावरून घरंगळते. हळीव भिजला की त्याच्याभोवती बुळबुळीत चिकट थर धरतो, त्यामुळे तो उभ्या कड्यालाही चिकटून राहतो आणि तिथेच रुजतो. वसुबारसेच्या आधी आठवडाभर टाकला की दिवाळीला गड हिरवागार. हळिवाची बरणी आमच्याकडे आधीपासून होती. धाकटीच्या वेळी आई येऊन राहिली होती. ओला नारळ, गूळ आणि हळीव असे लाडू तिनं मला रोज सकाळी खायला घातले. लालसर, थोडे चिकट, दातांत अडकणारे. त्यातला उरलेला हळीव संपल्यावरही बरणी तीच राहिली, दर वर्षी भरली जाते, आणि स्वयंपाकघरातल्या त्याच फळीवरून ती बाल्कनीत जाते. धाकटी मुठी भरभरून हळीव टाकते. थोरली चिमटीनं, ओळीत.

मी लहान असताना किल्ला मुलगे करायचे. आम्ही मुलींनी अंगणात रांगोळी काढायची, असा भोरजवळच्या आमच्या आजोळचा न बोलता ठरलेला नियम होता. मामेभाऊ चिखल तुडवत, मी त्यांना विहिरीचं पाणी नेऊन देई आणि ठिपके मोजायला परत येई. मला रांगोळी आवडायची, अजून आवडते, पण डोळा सगळा त्या चिखलाकडे असायचा. त्यांचे बुरुज ढासळायचे. संध्याकाळी उभा केलेला बुरुज सकाळी पाय पसरून बसलेला असायचा, किंवा तडकून त्याचे दोन तुकडे झालेले असायचे. मोठा मामेभाऊ रडकुंडीला यायचा.

एकदा मामी धुणं वाळत घालून घरात जाताना तिथे थांबली. पदर खोचला, खाली बसली आणि तो चिखल चिमटीत घेऊन अंगठ्यानं चोळून पाहिला. "ही माती उपाशी आहे रे," म्हणाली. गोठ्याच्या कोपऱ्यातून तिनं भाताचं तूस आणवलं, मुठीनं मातीत मिसळलं, पाणी शिंपडलं आणि सगळा गोळा ओल्या पोत्याखाली झाकून ठेवला. रात्रभर मुरू दे, म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी, भांडी आवरून झाल्यावर ती आली. तिनं साच्याबिच्याला हात लावला नाही. तळाशी गोल वळी मांडली, तिच्यावर दुसरी, डावा हात आतून आणि उजवा बाहेरून, दोन्ही हात एकाच वेळी फिरत होते. भिंत वर चढत होती आणि सगळीकडे सारख्याच जाडीची राहत होती. मध्येच हात पाण्यात बुडवायची आणि ओल्या तळव्यानं भिंतीवरून एकच फेर घ्यायची, की बोटांचे ठसे पुसून जायचे. वरच्या कडेला तिनं अंगठा दाबत नेऊन जंग्या काढल्या. तोफेसाठी एक खाच ठेवली. मला वाटतं पाव तासाच्या आत बुरुज उभा होता आणि त्याच्याकडे बघत आम्ही सगळी पोरं गप्प उभी होतो.

ती कुठे शिकली असेल, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही, कारण उत्तर स्वयंपाकघरात रोज पेटत होतं. घरातली चूल मामीच घालायची. दर वर्षी पावसाळा संपला की जुनी चूल काढून नवी. माती चाळायची, खडे वेचायचे, तूस घालून मुरवायची, मग तीन बाजूंनी भिंत चढवायची, पुढे तोंड ठेवायचं, बाजूला दुसऱ्या भांड्यासाठी वैल, आणि वर पातेलं डगमगू नये म्हणून तीन उंचवटे, ते मात्र पातेलं ठेवून ठेवून नीट जमवायचे. मग सावलीत वाळवायची, दिवसातून दोनदा ओला हात फिरवायचा, भेग दिसली की तिथल्या तिथे बुजवायची. पुरती वाळल्यावर शेणानं सारवायची. गावात नवी सून आली की तिला चूल घालायला मामीकडे पाठवत. तोफेची खाच म्हणजे चुलीचं तोंड होतं, जंग्यांच्या जागी ते तीन उंचवटे होते. तो बुरुज त्या दिवाळीत टिकला, तुळशीच्या लग्नानंतरही टिकला, पुढच्या पावसात हळूहळू विरघळला. मामेभावानं गल्लीत सगळ्यांना सांगितलं की बुरुज आईनं केलाय, आणि अभिमानानं सांगितलं. पुढच्या वर्षी मला पाणी आणायला पाठवलं नाही. मामीनं माझ्या हाताला धरून मला चिखलात बसवलं. "हिचा हात बघा," म्हणाली, "हिला जमेल."

शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीला लिहिलेलं एक पत्र आहे. शाळेत असताना ते मला कुणी दाखवलं नाही, पुढे वाचलं, आणि वाचताना अंगावर काटा आला. पावसाळा तोंडावर आलेला. घोडदळासाठी गवताच्या गंजी रचून ठेवलेल्या. राजा लिहितो की दाणावैरण आत्ताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. जपून वागा, रयतेकडून काही ओरबाडू नका. आणि मग तो चुलींकडे वळतो. कुणी आगट्या करील, कुणी भलत्या जागी चूल मांडील, कुणी तंबाखू ओढील, वारा लागेल, ठिणगी गवतात जाईल. रात्री दिवा जळता ठेवून निजलात तर उंदीर जळती वात ओढून नेईल, आणि एका गंजीला लागली की सगळं गवत जाईल. राज्य चालवणाऱ्या माणसाला एवढासा उंदीर दिसतो. मला या पत्रात ती नजर सापडते, जी रात्री झोपण्याआधी गॅसचं बटण बंद आहे ना, हे उठून पुन्हा बघते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही तीच नजर आहे. गड बांधायचा तर आधी पाणी पाहा, असं ते सांगतं, आणि केरकचरा गडाखाली न फेकता जागच्या जागी जाळून ती राख परसात घाला, भाजीपाला पिकवा, हेही सांगतं. तट तर उभा करायचाच, पण तटाच्या आत दुधी आणि दोडका लागला पाहिजे.

उंदराची गोष्ट मी मुलींना सांगितली. दुसऱ्या दिवशी गवताच्या गंजीपाशी, म्हणजे केरसुणीच्या काड्यांच्या जुडीपाशी, मातीचा उंदीर आला, मिरीच्या दाण्यांचे डोळे लावलेला. त्याच्यावर पहारा करायला थोरलीनं एक अख्खा मावळा नेमला. क्रमांकांच्या यादीत तिनं त्याची नोंद केली. त्यानंतर तिचा नकाशा बदलत गेला. परसबाग आली. पाण्याचं टाकं आलं, पावडरच्या डब्याचं झाकण पुरून केलेलं. दोरीसुद्धा नकाशात आली, फक्त शत्रूच्या बाजूला नको म्हणून तिनं ती माचीच्या पाठीमागे हलवायला सांगितली, आणि धाकटीनं ते ऐकलं, कारण तिथे ऊन जास्त वेळ राहतं.

आमच्या घरात सगळं असंच एकात एक मिसळतं. मी शिवायला बसले की चिंध्या गडावर जातात. थोरलीची चित्रकलेची वही गिलाव्यासाठी फाडली जाते आणि तिला त्याचं दुःख होत नाही, कारण फाडलेल्या पानावरचं चित्र तिनं आधीच दुसऱ्या पानावर सुधारून काढलेलं असतं. धाकटीचं काही पुरं होत नाही. ती मधूनच उठते, जेवते, झोपते, पुन्हा तिथेच येऊन बसते. मुलांना छंद लावावा असं लोक म्हणतात, वर्ग शोधतात, साहित्याचे संच आणतात. मी मात्र घरात फक्त थोडा पसारा चालू देते, हाताशी कात्री, दोरा, माती राहील असं बघते, आणि मी स्वतः काहीतरी करत बसते. एवढ्यावर माझा विश्वास आहे.

आता धाकटीला गडावर चूल हवी आहे. खरी, पेटणारी नाही, पण मुरवलेल्या मातीची. मी मामीला फोन लावला. तिला आता ऐकू कमी येतं, पण माती म्हटल्यावर तिला सगळं ऐकू आलं.

"तूस कुठून आणू पुण्यात?" मी विचारलं.

"नारळाची शेंडी बारीक कातर. चालेल. आणि चिखल पातळ नको गं."

"मुली करणारेत, मी नाही."

"मग मला त्यांच्याशी बोलू दे."

मी फोन खाली चटईवर ठेवला आणि आवाज मोठा केला. मामीनं धाकटीला विचारलं, वैल कुठल्या बाजूला घालतेस? मी म्हटलं, ती डावखुरी आहे. मामी म्हणाली, मग तिलाच ठरवू दे. धाकटीनं दोन्ही हात पुढे धरून त्यांच्याकडे बघितलं आणि वैल दोन्ही बाजूंना हवी असं जाहीर केलं, एकीवर दूध आणि एकीवर वरण. मामी खळखळून हसली, म्हणाली, "घाल, कोण अडवतंय!" आणि थोरलीनं पेन्सिलीला टोक काढून धूर कुठून बाहेर काढायचा ते आखायला घेतलं.