जर्मनची होडी

निवृत्त माणसाला सगळ्यांत मोठा धोका कशाचा असेल, तर तो फुकट मिळणाऱ्या वस्तूंचा. विकत घ्यायच्या वस्तूसाठी माणूस चार दुकानं हिंडतो, भाव करतो आणि बहुधा काही न घेताच घरी येतो. फुकटची वस्तू त्याला विचार करायला तेवढा वेळच देत नाही.

आम्ही अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहतो. इथल्या मोटारींच्या नंबरपाटीवर '१०,००० तळी' असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात दहा एकरांहून मोठी तळीच इथे ११,८४२ भरतात. म्हणजे अठराशे बेचाळीस तळी या लोकांनी निव्वळ विनयापोटी सोडून दिली आहेत. आमच्या पुण्यात एवढी तळी असती तर पाटीवर 'पंधरा हजार' लिहून खाली 'मोजत बसू नये' अशी सूचना आली असती.

अशा मुलखात पंचेचाळीस वर्षं काढून मी एकदाही होडीत बसलो नव्हतो. कारण आमची ही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि नारायण पेठेतला हिच्या माहेरचा वाडा मुठेच्या पुरात गेला, तेव्हा ही सात वर्षांची होती. तेव्हापासून हिचे आणि पाण्याचे संबंध नळापुरतेच उरले. तळ्याकाठी सहल निघाली की ही काठापासून पन्नास पावलांवर सतरंजी पसरते आणि बटाटेवडे सांभाळत बसते.

तर झालं असं की आमचे शेजारचे आजोबा वृद्धाश्रमात राहायला निघाले. वय वर्षे अठ्ठ्याऐंशी, घराणं मूळचं नॉर्वेकडचं. अमेरिकेत बोहारीण नसते. नको असलेली वस्तू रस्त्याच्या कडेला ठेवायची आणि तिच्यावर 'फुकट' अशी पाटी लावायची, हीच इथली बोहारीण. मी आजोबांचा निरोप घ्यायला म्हणून गेलो आणि ट्रेलरसकट एक चौदा फुटी होडी घेऊन परत आलो. बरोबर तिची जुनी मोटारही होती. आजोबा एवढंच म्हणाले, "गळते, पण थोडी." आपण 'पाच मिनिटांत पोचतो' म्हणतो, त्यातल्या पाचाला जो अर्थ असतो, तोच या थोडीला होता हे मला मागाहून कळलं.

हिने होडीभोवती एक प्रदक्षिणा घातली. तुळशीबागेत भांडं वाजवून बघतात तशी बोटाच्या पेराने टिचकी मारली.

"जर्मनची दिसतेय."

आपल्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात. मी जन्मभर इंजिनिअर म्हणून नोकरी केली, तरी आमच्या घरात या धातूचं नाव काही बदललं नाही.

"चौदा फुटी पातेलं आणलंत," ही म्हणाली, "आता यात किती माणसांचा भात लावू?"

पातेल्याचा विषय निघायला नको होता. आमच्या स्वयंपाकघरात जर्मनचं एक पातेलं आहे. त्याला इतके पोचे आलेत की ते ओट्यावर सरळ बसत नाही, डुलतं. १९८० साली लग्न होऊन ही इकडे आली, तेव्हा हिच्या सामानातून तेही आलं. मी ते तीनदा केराच्या डब्यात टाकलं आणि तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओट्यावर डुलताना दिसलं. "माहेरचं आहे" यापलीकडे त्याबद्दल ही काही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

मी लायब्ररीतून पुस्तकं आणली. या होड्यांचं कूळ मोठं आहे. दुसरं महायुद्ध संपलं, तेव्हा विमानांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यांना प्रश्न पडला की ॲल्युमिनियमचे पत्रे आणि रिबिटं मारायला शिकलेले हात, यांचं आता करायचं काय? ग्रमन नावाच्या विमान कंपनीने १९४५ साली वल्ह्यांच्या होड्या काढल्या. १९४६ मध्ये आमच्या मिनेसोटातच ॲल्युमाक्राफ्टच्या होड्या सुरू झाल्या. थोडक्यात, माझ्या अंगणात पडलेली वस्तू ही विमानाची धाकटी बहीण होती. मी हे हिला मोठ्या अभिमानाने सांगितलं.

"तरीच अशी आपटल्यासारखी दिसतेय," ही म्हणाली.

होडी कुठे गळते हे शोधायची रीत मोठी गमतीची आहे. लोक होडी पाण्यात घालतात, आपण पाणी होडीत घालायचं. होडी ट्रेलरवर ठेवून मी नळीने तिच्यात चार बोटं पाणी भरलं आणि खाली वाकून बघितलं. श्रावणातल्या अभिषेकपात्रासारखी ती ठिकठिकाणी ठिबकत होती. मी पंचवीस ठिकाणं मोजून कंबर धरून उभा राहिलो. तेवढ्यात ही हातात खडू घेऊन बाहेर आली, ट्रेलरखाली शिरली आणि एकेका गळक्या रिबिटाभोवती गोल काढू लागली. एकूण सदतीस निघाली.

"अगं, तुला पाण्याची भीती ना?"

"पाणी होडीत आहे तोवर नाही. होडी पाण्यात गेली की बघू."

मग खरी कामं सुरू झाली. बाकांच्या पोटात फोम भरलेला असतो. होडी उलटलीच तर तिला तरंगत ठेवणं हे त्याचं काम. साठ वर्षं पाणी पिऊन तो इतका जड झाला होता, की वेळ आली असती तर त्यानेच होडी बुडवली असती. बुडू नये म्हणून नेमलेली अशी माणसं मी नोकरीत पुष्कळ पाहिली. तो सगळा खरवडून काढला.

मोटार जिच्यावर टांगतात, त्या मागच्या फळीचा चहाचा चोथा झाला होता. मी हौसेने न कुजणारं, औषध मुरवलेलं प्लायवूड आणायला गेलो. दुकानदाराने विचारलं, "कशासाठी?" होडी म्हटल्याबरोबर त्याने ते माझ्या हातातून काढून घेतलं. त्या औषधात तांबं असतं आणि ओल मिळाली की तांबं ॲल्युमिनियमला खातं. घरी येऊन मी हा नवा शोध हिच्या कानावर घातला.

"त्यात काय? तांब्याचं भांडं जर्मनच्या भांड्यात ओलं ठेवू नये, असं आमची आजी सांगायची. कॉलेजात नाही का शिकवलं तुम्हाला?"

शिकवलं असणार. त्या दिवशी मी वर्गात नसेन. शेवटी साधं प्लायवूड आणून, त्याच्या कडांनासुद्धा इपॉक्सीचे तीन हात देऊन ते बसवलं.

राहिली रिबिटं. रिबीट ठोकणं हे एका माणसाचं काम नाही. बाहेरून एकाने हवेवर चालणाऱ्या हातोड्याने ठोकायचं आणि आतून दुसऱ्याने लोखंडाचा एक जड ठोकळा रिबिटाच्या शेपटीवर घट्ट धरून बसायचं. ठोकणाऱ्याचा आवाज चार घरं ऐकू जातो. पण शेपटी चेपून भोक बंद होतं, ते धरणाऱ्यामुळे. आतला हात जरा हलला की रिबीट वाकडं आणि सगळी मेहनत पाण्यात. एवढं वाचून मी पुस्तक मिटलं आणि मुकाट्याने स्वयंपाकघरात गेलो.

गराजमध्ये दोन लाकडी घोड्यांवर होडी पालथी घातली. ही कानात कापूस घालून, पाट घेऊन आत जाऊन बसली. आतून "हं" असा आवाज आला की मी ठोकायचं, असं ठरलं. हं, धडधडधड. हं, धडधडधड. संसारात प्रथमच माझ्या आवाजापुढे हिचा आवाज लहान होता, पण तिच्या 'हं'शिवाय माझं काही चालत नव्हतं, हे मात्र नेहमीसारखंच.

विसाव्या रिबिटाला 'हं' आलंच नाही.

"काय झालं गं? लागलं का?"

"नाही." थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग पत्र्याच्या आतून आवाज आला, "इथे अंधार आहे ना. पर्वतीवर असाच अंधार झाला होता."

वाडा गेला, एवढं मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. धरण फुटल्याची बातमी आली तशी सगळी आळी पर्वतीकडे धावली. हिचे वडील, अण्णा, सगळ्यांना वर पोचवून आजोबांची औषधं आणायला म्हणून परत खाली गेले आणि मागून पाणी आलं. "दिवसभर माणसं वर चढून येत होती हो. लांबून प्रत्येक जण अण्णांसारखा दिसायचा आणि जवळ आला की दुसऱ्याच कुणाचे तरी अण्णा असायचे. रात्री एक चिखलाने माखलेला माणूस समोर येऊन उभा राहिला. मी घाबरून आजीच्या मागे लपले. त्याच्या हातात ते पातेलं होतं. म्हणाला, घरातलं एवढंच सापडलं, कुणाच्या तरी कठड्यात अडकलं होतं. आवाजावरून कळलं, अण्णा आहेत म्हणून."

मी हातोडा धरून तसाच उभा राहिलो. काय बोलावं सुचेना.

"अहो, ठोका ना! हात अवघडला माझा. हं!"

मी ठोकलं. रात्री पाणी प्यायला उठलो, तेव्हा ते पातेलं ओट्यावर होतं. मी त्याच्या एका बाजूला फडक्याची घडी सरकवली. डुलायचं थांबलं.

मोटारीबद्दल थोडक्यात सांगतो. असल्या मोटारीचा धंदा १९०९ साली मिलवॉकीत ओल एव्हिनरूड या मूळच्या नॉर्वेच्या गृहस्थाने मांडला. तळ्यापलीकडून बेस नावाच्या मुलीसाठी आइस्क्रीम आणताना, वल्ही मारून पोचेपर्यंत ते वितळलं, म्हणून त्याला ही कल्पना सुचली असं सांगतात. पुढे बेसबाई त्याच्या बायको झाल्या आणि धंद्याचा कारभार आणि जाहिराती त्यांनीच सांभाळल्या. म्हणजे तिथेही आत ठोकळा धरून कुणीतरी बसलेलं होतंच. आमची मोटार पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायच्या जातीची. पाण्याचा पंप बदलला, प्लग साफ केला आणि तिला पाण्याने भरलेल्या पिंपावर टांगून दोरी ओढली. चाळीसदा ओढली. पुण्यात स्कूटर आडवी करून सुरू करायचो, तो प्रयोगही करणार होतो, पण हिने बघितलं आणि म्हणाली, "पेट्रोलचा कॉक उघडलात का?" एकेचाळिसाव्या वेळी ती पहिल्या झटक्यात सुरू झाली.

जूनमधल्या एका सकाळी आम्ही तळ्यावर गेलो. ही तरंगायचं जाकीट घरापासूनच घालून बसली होती. "मी काठावरून बघेन," एवढंच ठरलं होतं. एका तळ्यातले उपद्रवी जीव दुसऱ्या तळ्यात जाऊ नयेत, म्हणून होडी रस्त्याने नेताना तिच्या तळाचं बूच काढून ठेवायचं, असा इथला कायदा आहे. कायदा मी काटेकोर पाळला होता. ट्रेलर उताराला लावून मी होडी पाण्यात सोडणार, तेवढ्यात मागून आरोळी आली.

"थांबा! बूच!"

बूच माझ्या खिशात नव्हतं. गराजमध्ये असेल, किंवा त्या पिंपाजवळ. मी सगळे खिसे उलटे केले. तोवर हिने पर्समधून कुंकवाची डबी काढली, डबीतून बूच काढलं आणि स्वतः वाकून ते घट्ट पिळून बसवलं. "तुमच्या भरवशावर राहिले असते तर!" मग धक्क्यावर आली, माझा हात धरला आणि मी काही बोलायच्या आत होडीत येऊन बसली. पिशवीतून तिने पातेलं काढून पायाशी ठेवलं.

"हे कशाला?"

"पाणी उपसायला. त्याला सवय आहे."

तळ्याच्या मध्यावर मी मोटार बंद केली. होडी डुलत होती, पातेलंही डुलत होतं. हिने दोन्ही हातांनी बाक घट्ट धरलं होतं. सदतिसांपैकी छत्तीस रिबिटं कोरडी होती. एकातून थेंब थेंब पाणी येत होतं. कुठलं, ते मोजायची गरज नव्हती.

"घरी गेल्यावर परत ठोकू," मी म्हणालो.

हिने एक हात बाकावरून सोडवला, पातेलं उचललं आणि साठलेलं ओंजळभर पाणी तळ्यात परत टाकलं.

"राहू दे," ही म्हणाली. "एवढं गळू दे. याला तरी काम नको का?"