डोळ्याची फाइल

आधी गेला तो भाचीचा उजवा डोळा. लातूरला वसतिगृहात राहून ती नीटची तयारी करत होती. डोळा फिरवला की दुखायचा, वहीतली लाल शाई तिला फिकट गुलाबी दिसायची. डोळ्याच्या नसेला सूज निघाली. पाच दिवस शिरेतून स्टेरॉइड दिलं, नजर परतली, आणि फाइल गावाकडच्या पेटीत गेली.

चौदा महिन्यांनी तिची झोप उडाली. मैत्रिणी आपल्यावर टपल्यात, असं ती म्हणू लागली. वसतिगृहात म्हणाले, अभ्यासाचा ताण आहे. कंधार तालुक्यातल्या गावी आणलं तर शेजारणी म्हणाल्या, "पोरीला बाहेरचं झालंय." लिंबं उतरवली. एका दवाखान्यात मनोविकाराच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन आठवडे असेच गेले. रात्री मी, तिचा मामा, उशाशी बसायचो. तोंडात काही नसताना तिचे ओठ सारखे चघळल्यासारखे हलत. मग एका पहाटे फिट आली आणि तिला नांदेडला हलवलं.

तिथल्या डॉक्टरांनी आधी हेच विचारलं, "पूर्वी डोळ्याचं, हातापायाचं काही झालं होतं का?" ताईला पेटी आठवली.

प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटली की एकाच जागी थांबेल असं नाही. मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरवर हल्ला करणारा मेंदूदाह जोसेप दालमाउ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये जगासमोर मांडला. त्याआधी असे किती जण केवळ मनोरुग्ण ठरले असतील! २०१४ मध्ये अशा ६९१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या २३ जणांत नसांचं आवरण झिजल्याच्या ठळक खुणाही होत्या; कधी आधी, कधी नंतर, कधी बरोबरीनं.

भाचीच्या पाठीतल्या पाण्यात एनएमडीएची अँटिबॉडी निघाली, रक्तात एमओजीची, म्हणजे नसांच्या आवरणावर उलटणारी. तरुण मुलींत बीजकोशातली गाठही हा आजार पेटवते, म्हणून सोनोग्राफी केली; गाठ नव्हती. स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन, पुढे रिटुक्सिमॅब. त्या वर्षीचं सगळं सोयाबीन त्यातच गेलं.

सातव्या आठवड्यात तिनं स्वतःहून पाणी मागितलं. वाचलेलं लक्षात राहायला मात्र पुढचं वर्ष लागलं.

घरात कुणाची नजर किंवा हातपाय एकदा जाऊन परत आले असतील आणि पुढे वागणं अचानक बदललं, फिट आली, तर जुनी फाइल घेऊन थेट मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. त्यांनी विचारायची वाट पाहू नका, आधीचं दुखणं स्वतःहून सांगा.