हायडेलबर्गचा हिशेब आणि बिरोबाच्या ओव्या

विद्यापीठाने संशोधन किती केले, हा प्रश्न अलीकडे शेतकऱ्याला एकरी उतारा विचारावा तसा विचारला जातो. निबंध किती, त्यांचे संदर्भ इतरांनी किती वेळा दिले, पारितोषिके किती. आणि या साऱ्याची बेरीज करून जगातल्या विद्यापीठांची रांग लावली जाते. शांघायहून अशी रांग 2003 पासून लागते. नेदरलँड्समधल्या लायडेन विद्यापीठाने आपली पहिली रांग 2007 मध्ये लावली. त्यांत जर्मनीतले हायडेलबर्ग विद्यापीठ कितवे, याचे आम्हाला फारसे कुतूहल नाही. पण त्या विद्यापीठाचे मराठी वाचणाऱ्या माणसावर एक जुने ऋण आहे, आणि ते या हिशेबात नेमके कोणत्या रकान्यात बसते हे शोधण्याचा नाद मात्र आम्हाला लागला.

हायडेलबर्गची स्थापना 1386 ची. धर्मशास्त्र, कायदा, वैद्यक, तत्त्वज्ञान अशा जुन्या विद्याशाखांशेजारी पुढे भौतिकी आणि रसायन आले. इथेच रॉबर्ट बुन्सेन आणि गुस्ताव किर्खहोफ यांनी ज्योतीत धरलेल्या पदार्थाचा प्रकाश लोलकातून पाहून त्यातली मूलद्रव्ये ओळखण्याची युक्ती शोधली. 1860 मध्ये त्यांना ड्युर्कहाइमच्या झऱ्याच्या पाण्यात दोन अनोळखी निळ्या रेषा दिसल्या. त्या रेषांचा धनी असलेले सीझियम चिमूटभर हाती यावे म्हणून बुन्सेन यांनी सुमारे 40 टन पाणी आटवले. (आमच्याकडच्या गुऱ्हाळवाल्यालाही या चिकाटीचे कौतुक वाटेल.) त्या वेळी त्या चिमटीचा व्यवहारात काडीचा उपयोग नव्हता. 1967 पासून मात्र सेकंदाची व्याख्याच सीझियमच्या अणूवर आधारलेली आहे. जगातली सारी अचूक घड्याळे त्याच्या तालावर चालतात. हे पीक 1860 च्या खात्यावर मांडायचे की 1967 च्या?

खाते कोणाचे, हाही प्रश्न असतोच. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचे विषाणू शोधल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउझेन यांना 2008 चे नोबेल मिळाले. पारितोषिकाच्या यादीत त्यांच्या नावापुढे हायडेलबर्गचे कर्करोग संशोधन केंद्र आहे. ते शहर तेच, पण संस्था विद्यापीठाहून स्वतंत्र. आणि त्या कामाचा पाया तर त्यांनी फ्रायबुर्ग विद्यापीठात असताना घातला होता. शांघायच्या पद्धतीत शंभरातले तीस गुण नोबेल आणि फील्ड्स पदकांचे असतात. तेव्हा असा माणूस कोणाच्या पदरात टाकायचा, ही काही किरकोळ बाब नव्हे.

आता आमच्या ऋणाकडे येतो. 1962 मध्ये या विद्यापीठाने दक्षिण आशिया संस्था काढली. तिथे गुंथर सोंथायमर नावाचे अभ्यासक होते. मूळचा व्यासंग हिंदू कायद्याचा. एकत्र कुटुंबाच्या कायदेशीर घडणीवर त्यांचा ग्रंथ आहे. पण त्यांचे मन रमले ते माणदेशातल्या धनगरवाड्यांवर. वर्षामागून वर्षे ते महाराष्ट्रात येत राहिले, उत्तम मराठी बोलत राहिले, जत्रांना जात राहिले, आणि रात्र रात्र चालणाऱ्या ओव्या ध्वनिमुद्रित करत राहिले. धनगरी ओवी म्हणजे जात्यावरची नव्हे. थोडे गायचे, मग तेच कथेसारखे सांगायचे, पुन्हा गायचे, अशी ती उलगडत जाते आणि ऐकणाऱ्याने घाई करून चालत नाही.

या श्रमांतून 1976 मध्ये बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्यांचा जर्मन ग्रंथ निघाला. मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर असूनही त्याला न दिसलेली एक गोष्ट त्यांनी त्यात दाखवली. आपले देव एका जागी उगवलेले नाहीत. ते कळपाबरोबर चालत आलेले आहेत. सोनारीचा देव कमळाजी धनगराच्या मागोमाग वीरला येतो आणि म्हस्कोबा म्हणून तिथे बसतो, ही कथा नुसती भाविकाची कथा नव्हे; रानातला मेंढपाळ गावाशी कसा जोडला गेला, याचे ते स्मरण आहे. खंडोबाला म्हाळसा आणि बाणाई अशा दोन बायका का, याचे उत्तरही याच वाटेवर सापडते: एक वाण्याच्या घरची, दुसरी धनगराची, एक वस्तीतली, दुसरी रानातली. पुढे 'वन' आणि 'क्षेत्र' या आपल्याच दोन शब्दांत त्यांनी हे नाते मांडले. जेजुरीला आम्ही लहानपणापासून जात होतो. बाणाईचे देऊळ गडाच्या अर्ध्या वाटेवर का, हा प्रश्न पडायला आम्हाला हायडेलबर्गचा माणूस लागला.

या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर यायला तेरा वर्षे गेली. अ‍ॅन फेल्डहाऊस यांनी ते 1989 मध्ये केले. आमच्यासारख्या जर्मन न येणाऱ्यांनी वाचले ते तेच. 1992 मध्ये सोंथायमर गेले. त्यांनी मुद्रित केलेल्या ओव्यांपैकी दोन दीर्घ कथनांचे इंग्रजी भाषांतर 2014 मध्ये फेल्डहाऊस यांनीच रामदास आटकर आणि राजाराम झगडे यांच्या साहाय्याने प्रसिद्ध केले. आता हिशेब करून पाहावा. ग्रंथ जर्मन आणि शिवाय पुस्तकरूप; लायडेनच्या रांगेत प्रामुख्याने आंतरराष्ट्रीय नियतकालिकांतले इंग्रजी निबंध मोजतात, पुस्तके नाहीत. (आपण काय मोजत नाही हे लायडेनवाले स्वतःच सांगतात, हा त्यांचा मोठेपणा. आकड्यांनी निर्णयाला मदत करावी, निर्णय घेऊ नये, असे बजावणारा 2015 चा जाहीरनामाही त्यांच्याच गावाच्या नावाने ओळखला जातो.) ओव्यांचे 2014 चे पुस्तक प्राध्यापिकेच्या पत्त्यामुळे अ‍ॅरिझोनाच्या विद्यापीठाकडे जाते. मराठी ग्रंथांतून सोंथायमरांचे जे असंख्य उल्लेख येतात, ते त्या सूचींच्या नजरेस पडत नाहीत. आणि ज्यांनी रात्र जागून ओवी गायली, त्यांना तर मुळात विद्यापीठाचा पत्ताच नाही.

मोजू नये, असे आमचे म्हणणे नाही. लोकांच्या करातून पैसा येतो, त्याचा जाब विचारला जाणारच. आणि मोजमाप नसते तेव्हा वशिला असतो, हेही आम्ही जाणतो. आमची तक्रार वेगळी आहे. हिशेबनीस मागाहून येत होता तोवर ठीक होते. आता तो कामाच्या आधीच येऊन बसतो.

आमच्या परिचयाच्या एका मुलीने काही वर्षांपूर्वी धनगरी ओव्यांवर पीएच.डी. करायचे योजले. घर माणमध्येच, दिवाळीनंतर मेंढरे घेऊन निघणारे वाडे तिच्या ओळखीचे, त्यांच्यासोबत चार मुक्काम करण्याची तिची तयारी. तिचे मार्गदर्शक सज्जन गृहस्थ होते, सोंथायमर त्यांनी वाचला होता. तरी ते म्हणाले, "हे बघ, तू ओव्या गोळा करत बसशील आणि मुलाखतीत ते विचारतील निबंध किती. एक छोटा विषय घे, त्याचे चार निबंध पाड, नोकरी लागू दे. मग आयुष्यभर ओव्या ऐक." सल्ला खोटा नव्हता. तिने तो मानला, एका कादंबरीकारावर प्रबंध लिहिला आणि नोकरीही लागली.

त्या वर्षी वाघरीशेजारी बसून तिने एका म्हाताऱ्या गायकाचे जे काही ध्वनिमुद्रित केले होते, ते तिच्याजवळ आहे. गायक आता नाहीत. महाविद्यालयातून आल्यावर, स्वयंपाक आटोपून, ती ते उतरवून घेते. मेंढरांच्या आवाजात बुडालेला शब्द कळला नाही तर वडिलांना ऐकवते. गेल्या खेपेला भेटली तेव्हा बिरोबाच्या जन्मापर्यंत आली होती.