उधमपूरची कलाडी

जम्मूहून श्रीनगरला जाताना आम्ही जोहरच्या नमाजसाठी उधमपूरला थांबलो. रस्त्यालगत एका तव्यावर पांढऱ्या चकत्या भाजल्या जात होत्या. वरून तेल-तूप नव्हतं. चकतीचीच चरबी सुटून ती खरपूस होत होती.

"कलाडी. गुज्जरांचं चीज," दुकानदार म्हणाला.

मुलांनी हात पुढे केला, अम्मींनी मागे घेतला. वासराच्या जठरातल्या रेनेटने दूध फाडतात, हे ऐकल्यापासून त्यांनी चीज चाखलंच नव्हतं. आणि आम्हीही कधी कुणाला विचारलं नव्हतं. आज विचारलं.

"दूध आंबट ताकाने फाडतो, अम्माजी. गरम चोथा मळून, ताणून थापायचा आणि सुकवायचा."

उन्हाळ्यात गुज्जर-बकरवाल जनावरं घेऊन डोंगरातल्या कुरणांवर जातात. तिथे दूध भरपूर, बाजार दूर. अल्लाहने दिलेली रोजी नासू नये, म्हणून ही कलाडी.

कुलच्यात घालून, वर चटणी लावून ती हातात आली. अम्मींनी बिस्मिल्लाह म्हणून पहिला घास घेतला. बाहेरून कुरकुरीत, आत लांब तार, किंचित आंबट.

"अल्हम्दुलिल्लाह," त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं नुसतं विचारायचंच राहिलं होतं."