पोच्याचा पाठ

एम.ए.च्या वर्गात पाठचिकित्सा शिकवताना मी दरवर्षी एकनाथांचे उदाहरण देतो. शके 1506 मध्ये, म्हणजे इ. स. 1584 मध्ये, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढच्यांनी तीत आपली ओवी मिसळू नये, असे बजावून ठेवले. जुनी संहिता दुरुस्त करणारा आपला हात कुठे आवरतो, यावर त्याची योग्यता ठरते, असे मी विद्यार्थ्यांना मोठ्या आत्मविश्वासाने सांगत आलो. या वाक्याचा अर्थ मला स्वतःला उमगला, तो हिंगोलीतल्या एका गॅरेजात, रॉकेलच्या वासात.

आमच्या अण्णांनी 1992 मध्ये बजाज चेतक घेतली. इटलीच्या पियाजिओ कंपनीशी असलेला व्हेस्पाचा परवाना-करार 1971 मध्ये संपल्यावर बजाजने 1972 पासून राणा प्रतापांच्या घोड्याच्या नावाने ही स्कूटर काढली. पुढे कित्येक वर्षे नाव नोंदवून वाट पाहत बसण्याची गोष्ट होती ती. अण्णांना तेवढी वाट पाहावी लागली नाही. त्यांना वाट पाहावी लागली ती पैशांची. जिल्हा परिषदेच्या शाळेतली नोकरी, नर्सीच्या रस्त्यावरचे गाव आणि रोजची एस.टी. यातून त्या निळ्या गाडीने त्यांची सुटका केली. हिंगोली जिल्हा व्हायचा होता. म्हणून तिच्यावर परभणीचा एमएच-22 हा क्रमांक आहे. 1 मे 1999 रोजी आम्ही नव्या जिल्ह्याचे रहिवासी झालो, एमएच-38 आले. गाडी मात्र परभणीचीच राहिली.

1996 च्या उन्हाळ्यात मी ती चालवायला शिकलो आणि दुसऱ्याच दिवशी लिंबाच्या पारावर घातली. चेतकचे इंजिन उजव्या अंगाला असते. त्यावरच्या फुगीर झाकणाला तळहाताएवढा पोचा पडला. अण्णा काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते, असे मला पुढे अनेक वर्षे वाटत राहिले. कारण तो पोचा त्यांनी कधी काढून घेतला नाही. अंगणात गाडी नेहमी अशी उभी असे, की दारातून बाहेर पडताना तो समोर यावा. मी त्याचा एकच अर्थ लावला होता: माझी चूक मला रोज दिसावी, म्हणून हा शिक्षक तो जपतो आहे. नोकरी लागल्यावर, 2009 मध्ये मी नवी मोटारसायकल घेतली आणि अण्णांना म्हणालो, "आता तो डबा भंगारात घाला." त्यांनी गाडी ढकलत गोठ्यात नेली आणि वर ताडपत्री टाकली. 2018 मध्ये अण्णा गेले. ताडपत्री तशीच होती.

गेल्या वर्षी गोठा पाडायचा ठरला, तेव्हा भंगारवाला येऊन वजनाचा अंदाज करू लागला. त्याला मी का परत पाठवले, हे मला तेव्हाही नीट सांगता आले नसते. गाडी टेम्पोत घालून चाचांकडे नेली. तीस-पस्तीस वर्षे स्कूटरींवर हात बसलेला माणूस. "सर, इंजिन होऊन जाईल. रंग काढायचा का ठेवायचा, तेवढं सांगून ठेवा," एवढेच ते म्हणाले.

दोन महिने मी कॉलेज सुटल्यावर तिथे स्टुलावर बसून असे. या टू-स्ट्रोक इंजिनाला तेलाची वेगळी टाकी नसते. लिटरभर पेट्रोलमध्ये वीस मिली तेल मिसळायचे, तेच आत वंगणाचे काम करते आणि जळून जाते. जळताना मागे काजळी ठेवते. सायलेन्सर त्या काजळीने बुजला होता. कार्ब्युरेटरच्या बारीक जेटमध्ये वाळलेल्या पेट्रोलचा चिकटा बसला होता. क्रँकची ऑइल सील कडक होऊन चिरली होती. तशीच ठेवली असती तर आत नको ती हवा शिरून पिस्टन तापला असता. सिलिंडरला आतून गंज होता, म्हणून तो बोअर करून किंचित मोठा पिस्टन बसवला. काही भाग नांदेडहून आणले, काही दुसऱ्या मेलेल्या गाड्यांतून काढले. इथे बदलणे म्हणजेच जपणे होते, त्यात संशय नव्हता.

संशय आला तो झाकणापाशी. आतल्या बाजूला तेल आणि धूळ यांचा बोटभर जाड थर होता. चाचांच्या पोऱ्याने तो रॉकेलने धुतला आणि झाकण उन्हात पालथे ठेवले. पोच्याच्या पाठीवर हातोडीच्या खुणा होत्या. पंधरा-वीस तरी. काही बरोबर मध्यावर, काही भलतीकडेच. चाचांनी बोट फिरवले. "हे कारागिराचं काम नाही. घरी कुणीतरी ठोकलंय. खाली लाकूडबिकूड न धरता."

संध्याकाळी आईला विचारले. ती तांदूळ निवडत होती. "तू परभणीला शिकायला गेलास ना, त्याच आठवड्यात. दोन दुपारी ठोकत बसले होते. शेजारचे बघून गेले. तू सुट्टीला येशील तोवर निघाला पाहिजे म्हणत होते. निघेना, मग सोडून दिलं."

"पत्रेवाल्याकडे का नाही नेली?"

"पैसे तुला पाठवायचे होते."

एखाद्या पोथीत खाडाखोड दिसली, की खोडणाऱ्याचा हेतू शोधा, असे मी शिकवतो. तेरा वर्षे समोर असलेल्या खुणेचा मी फक्त दर्शनी पाठ वाचला होता, आणि त्याच्या जोरावर एक कडवट वाक्य बोलून गेलो होतो. ते आता दुरुस्त होण्यासारखे नाही.

दुसऱ्या दिवशी चाचांना सांगितले, गंजलेल्या जागा घासून तेवढ्याच रंगवा. झाकणाला हात लावू नका, आतूनही नाही. त्यांनी मान डोलावली.

गाडी अंगणात आणली, उजवीकडे कलती केली, अण्णा करीत तशी, आणि तिसऱ्या किकला ती सुरू झाली. निळा धूर पसरला. या धुरामुळेच अशा गाड्या इतिहासजमा झाल्या; 2020 मध्ये चेतक हे नाव परत आले ते विजेवर चालणाऱ्या स्कूटरवर. शेजारच्या मुलांनी नाके दाबली. आई पदर तोंडाला लावून दारात आली. पिस्टन नवा आहे, म्हणून सुरुवातीला तेल थोडे जास्त घाला, असे चाचांनीच सांगितले होते. पण आई म्हणाली, "अण्णा एवढा धूर होऊ देत नव्हते. औषधाच्या मापाने मोजून तेल घालायचे. तूही मोजून घालत जा."

मी "हो" म्हणालो.